लेकीला उन्हाळ्यात युगांडाला पाठवावं का?

पारिजात | ९ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय, कारण होकार कळवायला आठच दिवस उरलेत.

आम्ही कॅलिफोर्नियात सनीवेलला असतो. मुलगी सांता क्लारा विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे. तिथल्या मिलर सेंटरची फेलोशिप तिला मिळालीय. वसंत सत्रात वर्ग, उन्हाळ्यात परदेशातल्या एखाद्या सामाजिक उद्योगाबरोबर प्रत्यक्ष काम, परत आल्यावर शरद सत्रात अहवाल, असं त्याचं स्वरूप आहे. खर्च विद्यापीठाचा. सामाजिक उद्योग म्हणजे देणग्यांवर न विसंबता काहीतरी विकून स्वतःच्या पायावर उभी राहू बघणारी, पण मालकाच्या नफ्यासाठी न काढलेली संस्था, एवढं मला तिच्याकडून समजलं. तिला आणि वर्गातल्या आणखी एका मुलीला सात आठवडे युगांडात जायचंय. तिथे खेड्यातल्या बायका घरोघरी सौरदिवे विकतात. त्यांच्याबरोबर काम आहे.

घरात दोन तट पडलेत. तिच्या बाबांचं म्हणणं, तिसऱ्या वर्षाचा उन्हाळा हा कंपनीत इंटर्नशिप करायचा, पुढची नोकरी त्यातूनच लागते. सांगलीहून सासूबाई म्हणाल्या, "एवढी सेवेची हौस आहे तर जतला ये म्हणावं, तिकडे काय कमी अंधार आहे?" मला सुरक्षिततेची काळजी आहेच. पण रात्री झोप लागत नाही ती वेगळ्याच प्रश्नाने. वीस वर्षांची पोर सात आठवड्यांत त्या बायकांच्या काय उपयोगी पडणार? उपयोगी पडणार नसेल तर तिने जावं का? कुणी स्वतः गेलं असेल, किंवा कुणाकडे असे विद्यार्थी आले असतील, तर मोकळेपणाने लिहा.

झुणकाभाकर | ९ फेब्रुवारी

अभिनंदन लेकीचं! पाठवा. विसाव्या वर्षी नाही तर कधी?

औषधपाणी | ९ फेब्रुवारी

मी डॉक्टर आहे, म्हणून आधी तेवढंच लिहिते. युगांडात शिरायला पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं. ही लस प्रत्येक दवाखान्यात मिळत नाही, ठरावीक केंद्रांवरच मिळते, त्यामुळे वेळ आजच घ्या. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं. येताना ती आजीला भेटायला सांगलीला जाणार असेल तर तो पिवळा कागद जिवापाड जपायला सांगा. युगांडाहून येणाऱ्याकडे तो नसला तर भारतात उतरल्यावर वेगळं ठेवू शकतात, सहा दिवसांपर्यंत.

मलेरियाच्या गोळ्या सर्वांत महत्त्वाच्या. त्या जाण्याआधी सुरू होतात आणि परत आल्यावरही घ्याव्या लागतात. कोणत्या गोळ्या आहेत त्यावर ते सात दिवस की चार आठवडे हे ठरतं. पोरं विमानातून उतरली की गोळ्या सोडतात आणि पंधरा दिवसांनी तापाने फणफणतात, हे मी पाहिलंय. तिथून आल्यावर ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य "मी युगांडाहून आलेय" हे सांगायचं.

तर्कट | १० फेब्रुवारी

विरोधात लिहितोय, राग मानू नका. प्रश्न तुम्हीच नेमका विचारलाय.

युगांडाच्या राजधानीत, कंपालात, मकेरेरे विद्यापीठ आहे, १९२२ सालापासून. तिथून दरवर्षी पदवीधर बाहेर पडतात. त्यांना तिथली लुगांडा भाषा येते, बाजार माहीत असतो, आणि सात आठवड्यांनी ते विमानात बसत नाहीत. तुमच्या मुलीच्या तिकिटाच्या पैशात अशा एकाला किती महिने पगार देता येईल याचा हिशेब करून बघा.

सामाजिक उद्योगाच्या ज्या गोष्टी आपण अभिमानाने सांगतो त्या बघा. मदुराईचं अरविंद नेत्रालय १९७६ मध्ये अकरा खाटांवर सुरू झालं, ते डॉ. वेंकटस्वामी वर्षानुवर्षं जिथे काम करत होते त्याच शहरात. बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेची सुरुवात त्याच वर्षीची. ती काढणारे मुहम्मद युनुस चितगाव विद्यापीठात शिकवायचे, शेजारी जोब्रा गाव. विद्यार्थिनीला बरोबर घेऊन त्यांनी सावकाराच्या कर्जात अडकलेल्यांची यादी केली, तर ४२ माणसांचं मिळून कर्ज निघालं २७ डॉलर. विद्यापीठ आणि गाव यांच्यात चालत जाण्याएवढंच अंतर होतं म्हणून हे दिसलं.

आणि दूरवरून बघितलं की काय होतं? दक्षिण आफ्रिकेतला तो चक्राचा पंप आठवा. मुलं खेळता खेळता चक्र फिरवणार आणि पाणी टाकीत चढणार. २००६ मध्ये अमेरिकेत त्यासाठी केवढ्या मोठ्या निधीची घोषणा झाली. प्रत्यक्षात पोरं दिवसभर खेळत नाहीत. मग गावातल्या बायका, म्हाताऱ्यासुद्धा, ते चक्र हाताने ढकलत बसल्या, कारण कित्येक ठिकाणी आधीचा चांगला हातपंप काढून टाकला होता. कल्पना फोटोत सुंदर दिसत होती. ज्यांना पाणी भरायचं होतं त्यांना मात्र कुणी विचारलं नव्हतं.

माणगंगा | १० फेब्रुवारी

पारिजातताई, मी म्हसवडकडची. आमच्या भागात परदेशी विद्यार्थी येतात ते नवं नाही. चेतना सिन्हांच्या माणदेशी बँकेमुळे जगभरचे लोक या दुष्काळी तालुक्यात येऊन जातात. बँकेची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. बायका अंगठेबहाद्दर म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला होता. बायका लिहा-वाचायला शिकल्या, परत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, आम्ही तोंडी व्याज काढतो, तुमच्या माणसांना कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. १९९७ मध्ये बँक सुरू झाली.

पण मला सांगायचंय ते वेगळ्याच, एका छोट्या संस्थेबद्दल. तिच्याकडे आलेले विद्यार्थी तीन उन्हाळे आमच्या घरी राहिले. पहिल्या वर्षीचा मुलगा मनाने फार चांगला. बासष्ट प्रश्नांची प्रश्नावली घेऊन आला होता. एका बाईला दीड तास लागायचा. खुरपणीचे दिवस, बाई दुपारची सुट्टी मोडून बसायची. शेवटी आमच्या काकूने दुभाष्यामार्फत त्याला विचारलं, "हे सगळं लिहून नेणार, मग आम्हाला काय निघालं ते कधी सांगायला येणार?" तो गप्प झाला. अहवाल त्याच्या विद्यापीठात गेला. आमच्याकडे एक पानसुद्धा आलं नाही.

तिसऱ्या वर्षीच्या मुलीने पहिले दहा दिवस काहीच विचारलं नाही. काकूबरोबर शेळ्यांमागे फिरली, बाजारात बसली. मग संस्थेच्या बाईंना म्हणाली, तुमचं कोणतं काम सगळ्यांत जास्त अडलंय? बाई म्हणाल्या, कोणाचा हप्ता कधी हे वहीत सापडत नाही, रोज तासभर जातो. तिने वहीच्या रकान्यांची मांडणी बदलली आणि कडेला रंगीत कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. बस. ती वही अजून तशीच चालू आहे, दुकानदार आता तशाच पट्ट्या लावून देतो.

मुलगी तीच हुशार आणि तो मुलगा ढ, असं नव्हतं. काम कुणी ठरवलं, एवढाच फरक होता.

सुहृद_पी | ११ फेब्रुवारी

माणगंगा, तुमचा तो बासष्ट प्रश्नांवाला मुलगा म्हणजे मीच असू शकलो असतो. मी दुसऱ्या एका विद्यापीठाकडून असाच पूर्व आफ्रिकेत गेलो होतो. माझा चाळीस पानी अहवाल कुणी उघडला नाही. ते दुःख अजून आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पारिजातताई, होकार देण्याआधी मुलीला तीन गोष्टी विचारायला सांगा. हे काम हवं असं त्या संस्थेने स्वतः सांगितलंय का? ती परतल्यावर ते कोण सांभाळणार, त्या माणसाचं नाव काय? आणि विक्रेत्या बायकांचे जे दिवस ती घेणार, त्यांचा मोबदला त्यांना मिळणार का? बाई तुमच्याबरोबर फिरली की तिची त्या दिवसाची विक्री बुडते, हे मला पाचव्या आठवड्यात कळलं.

तर्कट यांचा मकेरेरेचा मुद्दा मला मान्य आहे. पण त्याचं उत्तर "जाऊ नका" हे नाही. तिथल्या पदवीधराबरोबर जोडीने काम करा आणि अहवालावर त्याचंही नाव घाला, हे उत्तर आहे.

आणि लुगांडात नमस्कार शिकू दे. "वासुझे ओत्या, न्न्याबो", म्हणजे रात्र कशी गेली, बाई? तिथे रामराम घालून थेट कामाला लागत नाहीत. रात्र, घर, मुलं, सगळ्याची विचारपूस होते. मी घाईत ते टाळायचो आणि लोक मला उत्तरं कमी का देतात याचं नवल करायचो.

नाना_मिरज | ११ फेब्रुवारी

मिरजेत माझं इलेक्ट्रिकचं दुकान होतं. भारनियमनाच्या काळात सौरकंदील भरपूर विकले आणि त्याहून जास्त दुरुस्तीला घेतले. एकच सांगतो. दिवा "बिघडला" म्हणून परत आला की आधी दिवा उघडायचा नाही. त्या घरी जायचं आणि पॅनल कुठे ठेवलंय ते बघायचं. माझ्याकडे आलेल्या बहुतेक कंदिलांत काही बिघाड नसायचा. पॅनल कडुलिंबाखाली, नाहीतर पत्र्याच्या वळचणीला. कोपऱ्यावर जराशी सावली आली तरी सगळा करंट ढासळतो, कारण आतले सेल एकामागे एक जोडलेले असतात. वरून धूळ. रात्री दिवा तासभर चालतो आणि माणूस म्हणतो, माल खोटा. मुलीला एवढं सांगा.

कंपालाकर | १२ फेब्रुवारी

बारा वर्षं इथे आहे. सुरक्षिततेबद्दल: रात्री बोडा-बोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर, बसायचं नाही. दिवसा बसलंच तर हेल्मेट हवंच. बाकी नेहमीची काळजी. पैसे जवळ फार बाळगायला लागत नाहीत, मोबाइल मनीवर भाजीवालीसुद्धा पैसे घेते.

एक गोष्ट वर कुणी लिहिली नाही. बरोबरची मैत्रीण गोरी असेल तर तिला "मुझुंगु" म्हणतील. तुमच्या मुलीला "मुयिंदी" म्हणतील, म्हणजे भारतीय, आणि विचारतील, तुझं दुकान कुठलं? १९७२ मध्ये इथला हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला. पुढे बरेच जण परतले, आणि आजही मोठी दुकानं, कारखाने बघाल तर भारतीयांचे पुष्कळ आहेत. त्यामुळे इथल्या खेड्यातल्या बाईने भारतीय माणूस पाहिलेला असतो तो गल्ल्यामागे बसलेला. तुमची मुलगी तिच्या अंगणात चटईवर बसली की तिला आश्चर्य वाटेल. हे ओझं आहे आणि संधीही. मुलीला हा इतिहास वाचून येऊ द्या.

झुणकाभाकर | १२ फेब्रुवारी

कंपालाकर, खायचं काय ते सांगा हो, आईचा जीव तिथे अडकलेला असतो.

कंपालाकर | १२ फेब्रुवारी

उपाशी राहणार नाही. मातोके म्हणजे हिरवी केळी उकडून केलेला गोळा, वर शेंगदाण्याचं कालवण. आपल्या माणसाला शेंगदाण्याचं कूट दिसलं की घरी आल्यासारखं वाटतं. पोशो म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. आणि रस्त्यावर "रोलेक्स", चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट. चपाती इथे चपातीच आहे, नाव बदललेलं नाही.

माणगंगा | १२ फेब्रुवारी

आणि ज्या रॉकेलच्या दिव्याऐवजी हे सौरदिवे विकतात त्याला तिथे काय म्हणतात? आमच्याकडे चिमणी म्हणायचे.

कंपालाकर | १२ फेब्रुवारी

तादोबा. पत्र्याच्या डब्याचा, वर वात. चिमणीच.

झुणकाभाकर | १२ फेब्रुवारी

म्हणजे आमच्या चंद्रपुरात ताडोबाला वाघ बघायला जातात आणि युगांडात तादोबावर अभ्यास करतात!

तर्कट | १३ फेब्रुवारी

सुहृद, जोडीने काम करण्याचं म्हणणं पटलं. तरी शिकण्याची दिशा एकच का असते, हे मला खुपतं. राजस्थानातल्या तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात कित्येक वर्षं आफ्रिकेतल्या खेड्यांमधल्या आज्या यायच्या, सहा महिने राहायच्या, सौरयंत्रणा जोडायला शिकायच्या. भाषा येत नसे, अक्षर येत नसे, तर खुणांनी आणि तारांच्या रंगांनी शिकायच्या. शिकवणाऱ्याही खेड्यातल्याच बायका. त्या गावी परत जायच्या आणि तिथेच राहायच्या. खर्च करायचा तर मी अशा कामावर करेन.

औषधपाणी | १३ फेब्रुवारी

तिलोनियाच्या आजीने दिवा जोडला तरी तो कुणाला, किती हप्त्यांनी विकायचा, हिशेब कसा ठेवायचा, हे प्रश्न उरतातच. दोन्ही कामं लागतात, तर्कट. एकाला मान द्यायला दुसऱ्याला खोटं ठरवायची गरज नाही.

पारिजात | १६ फेब्रुवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. सुहृद यांचे तिन्ही प्रश्न मुलीने फेलोशिपच्या मार्गदर्शकांना विचारले. काम संस्थेनेच मागितलंय: दिवे परत येण्याचं प्रमाण वाढलंय, ते का, हे हवंय. सांभाळणारी बाई कोण तेही कळलं. दिवस मोडल्याच्या मोबदल्याचा विचार झालेला नव्हता. मुलीने आग्रह धरला आणि तो खर्चात धरला गेला. हे ऐकून तिचे बाबाच म्हणाले, जाऊ दे. होकार कळवलाय.

नाना, तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. तिने वहीत मराठीत लिहून घेतलंय: "आधी पॅनल कुठे आहे ते बघ."

पारिजात | २८ सप्टेंबर

धागा वर काढतेय. मुलगी सुखरूप परत आली. गोळ्या शेवटपर्यंत घेतल्या. हे तिने सांगितलेलं, मी लिहून काढलंय.

पहिला आठवडा ती एका विक्रेतीबरोबर नुसती फिरली. ती बाई चाळिशीची, चार मुलांची आई, सकाळी शेतात, दुपारी दिव्यांची पिशवी खांद्याला. कुणाच्या अंगणात शिरली की आधी खाली गुडघ्यांवर बसून विचारपूस. दिव्याचा विषय निघायला कधी कधी अर्धा तास लागायचा. मुलीला पहिल्याच दिवशी विचारलं गेलं, तुझं दुकान कुठलं! कंपालाकर, तुम्ही सांगून ठेवलं होतंत म्हणून ती गांगरली नाही. आमचं दुकान नाही, माझे आजोबा शेतकरी होते आणि त्यांच्याही घरी अशीच चिमणी होती, असं तिने सांगितलं. मग चिमणीची काजळी, रॉकेलचा वास, पुस्तकावर वाकून जळलेले केस, यावर बराच वेळ गप्पा झाल्या.

मग परत आलेल्या दिव्यांच्या घरी जायला सुरुवात केली. नाना, तुमचं म्हणणं खरं निघालं, पण कारण वेगळं. पॅनल घराच्या आत होतं. खिडकीच्या आतल्या बाजूला, कुठे पलंगावर, कुठे दाराआड. बायकांना माहीत होतं की ऊन लागतं. पण शेतात गेल्यावर अंगणातलं पॅनल चोरीला जातं, ही भीती. एकीचं खरंच गेलं होतं. एवढ्या हप्त्यांची वस्तू उघड्यावर कोण टाकेल? दिव्याबरोबरच्या कागदावर "पॅनल छपरावर ठेवा" एवढंच होतं, तेही इंग्रजीत, आणि छप्पर गवताचं.

उपाय मुलीने काढला नाही, हे तिने मला दोनदा बजावून सांगितलं. तो त्याच विक्रेतीने काढलेला होता. ती पॅनल शेतात बरोबर नेते. ज्या ओळीत कुदळ चालते तिच्या बांधावर उन्हात ठेवते आणि ओळ संपली की पुढे सरकवते. वस्तू नजरेसमोर राहते, सावलीही टळते. दुसरी एक जण जाळीदार पिशवीत घालून डोक्यावरच्या भाऱ्यावर बांधते. मुलींनी आणि मकेरेरेत शिकलेल्या संस्थेतल्या मुलाने मिळून अशा सात युक्त्यांची चित्रं काढून घेतली आणि हाताएवढं कार्ड केलं. अक्षर जवळजवळ नाहीच. विक्रेत्या दिवा विकताना ते पुढ्यात ठेवून समजावतात. कार्डावर ज्या बायकांच्या युक्त्या आहेत त्यांची नावं आहेत, त्यांना विचारून.

अहवाल आता लिहितेय. तिसरं नाव त्या मुलाचं आहे.

नाना_मिरज | २८ सप्टेंबर

चोरीचं माझ्या डोक्यातच आलं नाही. पॅनल वळचणीला ठेवणारे माझे गिऱ्हाईकही त्याच कारणाने ठेवत असणार. मी त्यांना अडाणी समजत होतो. वाईट वाटलं.

सुहृद_पी | २९ सप्टेंबर

नाव घातलं, छान केलं. आता दिवे परत येणं खरंच कमी झालं का, हे डिसेंबरात त्या मुलाला विचारायला सांगा. मी तेही केलं नव्हतं.

तर्कट | २९ सप्टेंबर

माझं मत पूर्ण बदललेलं नाही. युक्ती त्या बाईची, चित्रं तिथल्या मुलाने केली असती. पण एकेका अंगणात अर्धा अर्धा तास बसायची सवड संस्थेतल्या कुणाला नव्हती आणि तुमच्या मुलीला होती, हे मान्य करतो. वर्षानुवर्षं कागदावर "छपरावर ठेवा" छापून येत होतं आणि कुणाला खटकलं नाही, याचं मला जास्त नवल वाटतं. पुढच्या वर्षी त्या मकेरेरेच्या मुलाला सांता क्लाराला बोलवता येईल का, हे मुलीने विद्यापीठाला विचारावं.

पारिजात | ३० सप्टेंबर

विचारलंय. अजून उत्तर नाही. उत्तर येईपर्यंत विचारत राहणार म्हणाली.

माणगंगा | २ ऑक्टोबर

ताई, हे सगळं काकूला वाचून दाखवलं. पॅनल बांधावर ठेवतात हे ऐकून ती म्हणाली, "बांधावर ठेवतात ते बरंय, पण शेळीचं काय? शेळी तार खाते. त्या बाईला विचार म्हणावं."

पारिजात | ५ ऑक्टोबर

मुलीने फोनवर विचारलं. ती बाई खूप वेळ हसत होती. तिच्या शेळीने दोनदा तार खाल्लीय. आता ती तार बांबूच्या पोकळ नळीतून घेते. मुलीने मला सांगितलं, कार्डावर आठवं चित्र घालतोय आणि त्याखाली तुमच्या काकूंचं नाव टाकायचंय. त्यांना चालेल का, विचारून सांगाल?